हरकत कोणाकडे नोंदवावी?

ज्या गावाने १८५२ साली, बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावण्याच्याही आधी, आपली नगरपालिका स्थापन केली; ज्याच्या खाडीतून एके काळी भाताची गलबते मुंबईच्या धक्क्याकडे जात; ज्याच्या परिसरात २०२० च्या जुलैत ‘योट्टा’ या नावाचे, सात हजारांहून अधिक संगणक-कपाटे मावतील असे माहितीचे प्रचंड आगार उघडले; आणि ज्याच्या शेजारी टेकडी कापून व नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, त्या पनवेलात जुने दफ्तर आणि नवे दफ्तर ही आता एकाच तालुक्यात नांदत आहेत. एकीकडे कापडी रुमालांत बांधलेले फेरफारांचे गठ्ठे, ज्यांच्या कडा वाळवीने कुरतडल्या आहेत. दुसरीकडे अहोरात्र थंड ठेवलेल्या दालनांतली यंत्रे, ज्यांत कोणाच्या ठेवी, कोणाचे आजार आणि कोणाची पत यांच्या नोंदी क्षणोक्षणी भरल्या जात आहेत. या दोहोंपैकी कोणत्या दफ्तरावर भरवसा ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटेल. परंतु ज्याचा अर्ज फेटाळला गेला आहे, त्याच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न दुसरा नाही.

या प्रश्नावरचा वाद मी ज्या दोघांच्या तोंडून कित्येक सायंकाळी ऐकला, त्यांतले एक माझे जुने स्नेही. पनवेल-उरणच्या सजांवर तलाठी म्हणून त्यांनी नोकरीस प्रारंभ केला आणि २०१७ साली मंडल अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर जासईच्या बाजूस गोळीबार झाला आणि दोन दिवसांत पाच माणसे बळी गेली, तेव्हा ते खात्यात नवखे होते. जमिनीच्या कागदाचा माणसाच्या रक्ताशी संबंध असतो, ही जाणीव त्यांना तेव्हापासून कधीही सोडून गेलेली नाही. दुसरी त्यांची भाची. ती ऐरोलीच्या एका कंपनीत संगणक अभियंता असून कर्जाच्या अर्जांची छाननी करणारी प्रणाली रचणे हे तिचे सध्याचे काम आहे, आणि जाता-येता लोकलमध्ये विज्ञानकथा वाचणे हा तिचा शाळेपासूनचा नाद. वडाळे तळ्याच्या काठी फेरी मारून झाली की ही दोघे आमच्या ओटीवर येऊन बसतात. त्यांच्या बोलण्याचा सारांश देण्यापेक्षा एका संध्याकाळचे बोलणेच, शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत, येथे उतरवावे असे मला वाटले.

भाची: मामा, यंत्राच्या निर्णयाला तुम्ही इतके का भिता, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली, तेव्हा जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव धारण केले आणि अक्षरही ओळखीचे वाटू नये म्हणून ती कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. अर्जदार कोण, कोणाचा, कुठल्या आळीतला, हे ठाऊक नसताना केलेला निवाडा हाच खरा निवाडा. आमची प्रणाली तेच करते. तिला आडनाव दाखवलेच जात नाही.

मामा: प्रसंग मोलाचा आहे, यात शंका नाही. पण तो उलटून पाहा. तिथे स्पर्धक झाकलेला होता. निकाल देणारी माणसे मात्र उघडी होती. जगतापांना निकाल पटला नसता तर परिषदेच्या दारात जाऊन ‘हा निवाडा कोणी दिला?’ असे विचारता आले असते. तुझ्या प्रणालीपुढे येणारा माणूस आपले बँकेचे पुस्तक, पगार, पत्ता, सगळे उलगडून ठेवतो, आणि झाकलेला राहतो तो निवाडा देणारा. नारळीकरांनी जो पडदा बांधला, तो तुम्ही दुसऱ्या बाजूला नेऊन टांगला आहे.

भाची: आमच्या धंद्यात कोणी झाकलेला नसतो, उलट तुमच्या कचेरीत असेल त्याहून अधिक उघडा असतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने ‘गिट’ नावाचे साधन तयार केले, आणि आज जगातले बहुतेक आज्ञावलीलेखन त्याच्या आधारे चालते. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला बदलली आणि बदलण्याचे कारण काय दिले, हे सारे त्यात राहते. त्यात ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव उमटते. तुमच्या फेरफाराच्या रजिस्टरात शाईचा रंग बदलून समासात घातलेली ओळ कोणाची, हे पन्नास वर्षांनी तरी सांगता येते का?

मामा: नाही सांगता येत. अशा ओळी मी पाहिल्या आहेत, आणि त्या ओळींनी देशोधडीला लागलेली कुटुंबेही पाहिली आहेत. बहिणींची नावे वारसातून गळली, ती चुकून गळली नाहीत. कागद पवित्र होता असे मी कधी म्हणणार नाही. मला एवढेच सांग, की एखाद्याला कर्ज नाकारले गेले, तर त्या नकारापुढे तुझी ती आज्ञा कोणाचे नाव उमटवील?

येथे ती थोडी थांबली. प्रामाणिक माणसाचे थांबणे आणि निरुत्तर झालेल्या माणसाचे थांबणे यांत अंतर असते, आणि तिचे थांबणे पहिल्या प्रकारचे होते. कारण नंतर तिने जे सांगितले ते तिच्या पक्षाला सोयीचे नव्हते, तरी तिने ते पूर्णपणे सांगितले.

भाची: पूर्वीची प्रणाली असती तर नाव सांगता आले असते. ‘उत्पन्न अमुकाहून कमी असेल तर अर्ज नाकारावा’ अशी ओळ कोणीतरी लिहिलेली असे. आताची पद्धत निराळी आहे. मागे ज्यांनी कर्जे घेतली त्यांतल्या कोणी फेडली, कोणी बुडवली, याच्या नोंदी आम्ही यंत्रापुढे ठेवतो. यंत्र प्रत्येक नोंदीविषयी आधी अंदाज बांधते. अंदाज चुकला की आपल्या आतल्या आकड्यांत किंचित फेरबदल करते. ही क्रिया लक्षावधी वेळा घडते, आणि अखेरीस जे आकडे स्थिर होतात, ते सगळे मिळून नव्या अर्जदाराविषयी मत देतात. त्या आकड्यांपैकी एकही कोणा माणसाने लिहिलेला नसतो. यंत्राला शिकवण्याची कृती कोणी लिहिली, हे ‘ब्लेम’ सांगेल. ते जे शिकले, त्यापुढे नाव नाही.

मामा: म्हणजे फेरफार झाला आहे, पण फेरफाराला नंबर नाही आणि मंजूर करणाऱ्याची सही नाही.

भाची: तुमच्या भाषेत तसेच. पण सही होती तेव्हा काय मोठा न्याय झाला? शिरढोण इथून किती लांब आहे, मामा? वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते कारकून होते, इकडे आई अंथरुणाला खिळलेली, आणि त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. आईचे अखेरचे दर्शन झाले नाही. तो नकार माणसाने दिला होता. त्या साहेबाला काळीज होते, डोळे होते, समोर उभा असलेला मुलगा दिसत होता. आजची कुठलीही साधी रजा-प्रणाली त्यांना नियमाप्रमाणे एका पळात रजा देऊन मोकळी झाली असती.

मामा: हे तू खरे बोललीस, आणि मला लागेल असे बोललीस. पण पुढचेही बोल. फडक्यांना ठाऊक होते की हा नकार कोणाचा. ज्याच्यावर संतापायचे तो समोर होता, त्याच्या मागे कचेरी होती, कचेरीच्या मागे राज्य होते. म्हणून एका रजेच्या अर्जावरून एक माणूस राज्याच्या अन्यायापर्यंत जाऊन पोहोचला. त्यांना नुसता ‘आपला अर्ज निकषांत बसत नाही’ असा संदेश आला असता, तर ते कोणाविरुद्ध उठले असते? माणूस गप्प बसतो, आणि हळूहळू आपल्यातच काही उणे असेल असे समजू लागतो. मला भय वाटते ते याचे.

मी या ठिकाणी कोणाच्या बाजूने झुकतो, हे सांगणे भाग आहे. फडक्यांच्या क्रोधाला धनी होता हे खरे; पण त्या मातेच्या दृष्टीने पाहिले तर धनी असल्याने काहीच साधले नाही, आणि भाचीच्या युक्तिवादातले हे शल्य मामांच्या उत्तराने निघत नाही. जी व्यवस्था बहुसंख्यांना तत्परतेने न्याय देते आणि थोड्यांना अकारण नाकारते, ती सर्वांना सारखेच खोळंबून ठेवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा बरी, असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. मात्र ते थोडे कोण, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो, आणि मामांनी तोच विचारला.

मामा: विमानतळासाठी दहा गावठाणे उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा, तरघर, कोंबडभुजे... नावे तुलाही पाठ असतील. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिलेली माणसे नव्या भूखंडांवर आली. आता त्यांच्यातला एखादा मुलगा तुझ्याकडे टेम्पोसाठी कर्ज मागायला आला, तर त्याचा पत्ता किती जुना?

भाची: सहा-सात वर्षांचा. फार तर आठ.

मामा: आणि तुझ्या यंत्राच्या मते, जो एका पत्त्यावर फार दिवस राहत नाही तो...

भाची: तो अस्थिर. पत्त्याचा कालावधी हा आमच्याकडे एक घटक आहे. आणि तो काढून टाकला तरी पिनकोड राहतोच; विजेचे बिल कोणाच्या नावावर कधीपासून, हे राहतेच. जे झाकले ते यंत्र दुसऱ्या वाटेने हुडकते. खरे सांगायचे तर मी या मुलाचा विचारच केला नव्हता.

मामा: तू करायला हवा होतास असे मी म्हणत नाही. तुला तो दिसणार कसा? दोष त्यात आहे, की त्याला तुझ्यापर्यंत पोहोचायची वाट नाही. सातबारा संगणकावर गेला, तेव्हा माझाही विरोध होता असे समजू नकोस. तलाठ्याच्या मर्जीवर लटकलेला उतारा लोकांना घरबसल्या मिळू लागला, ही क्रांतीच होती. पण उतरवून घेताना नावे चुकली, क्षेत्र चुकले, गुंठ्याचे आर चुकले. तेव्हा २०१७ साली सरकारने गावोगाव चावडी-वाचन करवले. माझ्या नोकरीचे ते अखेरचे मोठे काम. संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने तिथल्या तिथे सांगायचे, ‘हे बरोबर नाही.’ अक्षर न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी दोन-दोन पिढ्यांची नावे तोंडपाठ सांगून उतारे दुरुस्त करवले. महसूल अधिनियमाचे कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. तोपर्यंत ते कपाटात पडून असल्यासारखे होते, तेव्हा मात्र रोज उघडावे लागले. यंत्राने केलेली चूक यंत्राला कळली नव्हती, ती चावडीला कळली.

भाची: मला सांगा, चावडीवर ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे नोंदले जात नव्हते का?

मामा: जात होते, काही गावांत. म्हणून तर फेरफाराला नोटीस आहे. नोंद धरली की हितसंबंधितांना कळवायचे, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे, हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत घ्यायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि मगच मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची किंवा रद्द करायची. त्यावर प्रांताकडे अपील. ही रीत कोणा संताने घातलेली नाही. माणूस चुकतो, लबाडी करतो आणि दडपण आणतो, हे अनुभवाने कळलेल्या लोकांनी घातलेली आहे.

यानंतर बोलणे विज्ञानकथेकडे वळले, आणि ते वळवले भाचीनेच. ती म्हणाली की या साहित्याने एका शतकात यंत्राविषयीचे जे भय आपल्या मनात रुजवले, त्याचे बहुतांश स्वरूप बंडखोरीचे आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकातले यंत्रमानव मालकांवर उलटतात. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून बुद्धिमान यंत्र घडवले जाते आणि त्या संस्कृतीच्या विनाशाचे मूळही तशाच यंत्रांत होते असे उघड होते. आयझॅक असिमोव्हने १९४२ मध्ये यंत्रमानवांसाठी तीन नियम सांगितले. त्या नियमांविषयी ती जे बोलली ते मला सर्वस्वी नवे होते.

भाची: माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, आणि या दोहोंना बाध न येईल तेवढे स्वतःला जपावे. तिन्ही नियम वाचा. यंत्राने आपल्या कृतीचे कारण सांगावे असे त्यांत कुठेही नाही. यंत्राला आवरायचे कसे याची चिंता आहे, यंत्राला जाब विचारायचा कसा याची नाही. आणि आमची यंत्रे तर उलटतच नाहीत, मामा! ती अत्यंत आज्ञाधारक आहेत. चुकीच्या नोंदीचेही ती तितक्याच निष्ठेने पालन करतात.

मामा: मग तुझ्या त्या कथाकारांपैकी हे कोणाला दिसलेच नाही?

भाची: एकाला दिसले. ई. एम. फॉर्स्टर. १९०९ साली, म्हणजे संगणक नव्हता तेव्हा, त्याने ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली. सारी माणसे भूगर्भात आपापल्या कोठडीत राहतात आणि हवा, अन्न, संगीत, संभाषण सगळे एका यंत्राकडून येते. मग संगीतात विकृत आवाज येऊ लागतात. लोक दुरुस्ती-यंत्रणेच्या समितीकडे तक्रार करतात. समिती म्हणते, तक्रार मध्यवर्ती समितीकडे पाठवू. पुढे कळते की दुरुस्त करणारी यंत्रणाच नादुरुस्त आहे. आणि लोक काय करतात? बिघाडाशी जुळवून घेतात. त्या बेसूर आवाजालाच संगीत मानू लागतात.

मामांनी त्यावर १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण काढली. त्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, टाळेबंदीत घरून चालणाऱ्या परीक्षा आणि कचेऱ्या थबकल्या. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी यामागे सायबर घातपात असण्याची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या प्रदेशाचे कामकाज ज्या कारणाने थांबले, त्या कारणाविषयीच दोन सरकारांची दोन उत्तरे असावीत, आणि ज्याची लोकल थांबली त्याने त्यांतले एक निवडून गप्प बसावे, ही स्थिती फॉर्स्टरच्या समितीहून फार निराळी आहे असे मला वाटत नाही.

परंतु त्या संध्याकाळी सर्वांत खोल परिणाम झाला तो भाचीने सांगितलेल्या ब्रिटनमधल्या टपाल कचेऱ्यांच्या हकिकतीचा. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसने ‘होरायझन’ नावाची हिशेब-प्रणाली बसवली. खेडोपाडी टपाल कचेरी चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली, आणि ती तूट प्रत्यक्षात नव्हती. माणसांनी फोन केले, पत्रे लिहिली, पदरचे पैसे भरले. पुढच्या दीड दशकात नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि अफरातफर यांच्या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालत आहे असे तिथल्या न्यायालयांत गृहीत धरले जाई, आणि तो चुकला हे दाखवण्याचा भार ज्याच्या हाती प्रणालीचे काहीच नव्हते त्याच्यावर पडे. शेवटी २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारी हिशेब सांभाळला, त्याला न केलेल्या अपहाराचा ठपका म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

मामा: त्यांच्याकडे आपल्या व्यवहाराची प्रत नव्हती?

भाची: स्वतःची वही असेल, पण प्रणालीच्या आत काय घडले याची नोंद त्यांच्या हाती नव्हती. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत गंगाधरपंत दुसऱ्याच इतिहासाच्या जगात जाऊन येतात. पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले, असे ते जग. परतल्यावर त्यांच्यापाशी पुरावा म्हणून उरते ते खिशातले बखरीचे एक फाटके पान. साऱ्या ग्रंथांविरुद्ध एक पान. या टपालवाल्यांपाशी तसे एकही पान नव्हते.

मामा: आमच्या खातेदाराकडे खातेपुस्तिका असते. कचेरी जळाली तरी त्याची प्रत त्याच्या फडताळात. तू प्रणाली रचतेस ना? मग अर्जदाराच्या हातात अशी प्रत दे. तुझ्याविषयी आमच्याकडे हे-हे नोंदले आहे, त्यातले हे-हे तुझ्या विरुद्ध गेले.

भाची: युरोपात २०१८ पासून जो कायदा लागू आहे, त्यात केवळ यंत्राने दिलेल्या आणि आयुष्यावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयांविरुद्ध संरक्षण आहे, माणसाने लक्ष घालावे, आपले म्हणणे ऐकावे, अशी मागणी करता येते. आपल्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात तक्रार-निवारणाचा हक्क आहे, चुकीची माहिती दुरुस्त करवून घेण्याचा आहे. यंत्राच्या निर्णयाविरुद्ध असा हक्क नाही. आणि कंपन्या म्हणतात, कारणे उघड केली तर लोक कारणांप्रमाणे अर्ज सजवतील.

मामा: जमीन महसूल अधिनियमाची कलमे छापून विकली जातात. ती वाचून लबाडी करणारे निघाले, म्हणून कोणी कायदा गुप्त ठेवला नाही.

भाची: पण पंधरा दिवस सगळीकडे देता येणार नाहीत, मामा. फोनवरून भाजीवाल्याला पैसे पाठवले तर तो व्यवहार दोन पळांत व्हायला हवा.

मामा: तिथे नकोच. आणि रेशनच्या दुकानात? आधारचा पहिला क्रमांक २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात एका आदिवासी स्त्रीला दिला गेला. नांगराने, विटांनी ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्राला लागला नाही तर?

भाची: तिथे आधी धान्य द्यायचे, चौकशी मागाहून. हा निर्णय मी यंत्रावर सोडणार नाही. कर्जाच्या बाबतीत मात्र हरकत ऐकायला माणूस नेमता येईल, ज्याला यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असेल.

मामा: त्याच्यापुढे दिवसाला किती हरकती येतील?

भाची: कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, दोनशे.

मामा: मग त्याला नेमूच नका. ज्या दिवशी माझ्यापुढे पन्नास नोंदी आल्या, त्या दिवशी मी सह्या केल्या. वाचल्या असे म्हणू शकत नाही. तलाठ्याने लिहिले ते मंजूर. तुझा माणूस यंत्राने लिहिले ते मंजूर करील, आणि वर नाव माणसाचे राहील. नुसत्या यंत्राहून ते वाईट.

या वाक्यानंतर भाचीने पिशवीतून वही काढली. मला विचाराल तर साऱ्या वादात सर्वाधिक कामाची गोष्ट हीच होती, आणि ती एका निवृत्त मंडल अधिकाऱ्याच्या अनुभवातून निघाली: ऐकणाऱ्याला ऐकण्याइतका अवकाश नसेल, तर त्याची नेमणूक हा अन्यायावर घातलेला शिक्का ठरतो. जगभर आज यंत्रांच्या निर्णयावर माणसाची देखरेख ठेवण्याचे जे ठराव होत आहेत, त्यांत त्या माणसाच्या पुढ्यात दिवसाकाठी किती प्रकरणे टाकायची, हा आकडा मला क्वचितच आढळतो. भाचीने तिथेच दोन कलमे लिहिली. पहिले, एका माणसाकडे दिवसाला ठरावीक संख्येहून अधिक हरकती जाऊ नयेत. दुसरे, त्या माणसाचे यंत्राशी मत किती वेळा जुळले नाही, हे दर तिमाहीस जाहीर करावे. कारण ते मत कधीच निराळे पडत नसेल, तर तो ऐकत नाही हे उघड आहे.

भाची: हे मी वरिष्ठांपुढे ठेवीन. मान्य होईल असे मी म्हणत नाही, खर्च वाढतो. पण हरकतीची नोटीस तरी मी लिहून देऊ शकते. नकाराच्या संदेशातच जाईल. मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते.

मामा: लिही. ‘सबब आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, आपला दिनांक अमुक रोजीचा अर्ज...’

भाची: ‘सबब’ नको. ‘कळविण्यात येते’ही नको. कोण कळवतो?

मामा: असे म्हणतेस? मग ‘मी’ घाल. ‘तुमचा अर्ज मी, अमुक नावाचा अधिकारी, तपासला.’

भाची: तपासला यंत्राने. तेच लिहायचे. ‘तुमचा अर्ज यंत्राने तपासला व नाकारला. तुमच्या सध्याच्या पत्त्यावर तुम्ही थोडी वर्षे राहत आहात, हे त्याचे मुख्य कारण आहे. हे कारण चुकीचे किंवा अन्यायाचे वाटत असेल, तर पंधरा दिवसांच्या आत मला फोन करा.’ खाली नाव, नंबर, आणि कुठल्या वेळात फोन उचलला जाईल ते.

मामा: ‘तुमचे गाव सरकारी कामासाठी उठवले गेले असेल तर तसे सांगा’, हेही घाल.

भाची: ते प्रत्येकाला कसे पाठवणार?

मामा: प्रत्येकाला पाठव. ज्याला लागू असेल तो वाचील.

तिने ते वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि ‘उठवले’ लिहावे की ‘स्थलांतरित झाले’, यावर दोघांचा नवा वाद सुरू झाला. त्यात मीही पडलो, कारण कचेरीत बसून लिहिणारा ‘स्थलांतरित झाले’ लिहितो आणि कोंबडभुज्याचा माणूस ‘उठवले’ म्हणतो, आणि नोटीस त्या माणसाला जाणार होती.